नदीत भिजलेली वही

खिशात मावेल एवढी वही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या केंटकीत घोड्यावरून हिंडणाऱ्या, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका उपदेशकाची. मी ओहायोत जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करते, तिथे ती आली. सोबत संग्राहकांची चिठ्ठी होती: प्रवचनांची पानं आधी करा, हिशेबाची राहिली तरी चालतील.

हे मला मुळीच पटत नाही. हा माणूस कळतो तो हिशेबातच. वर्षाचं मानधन जास्तीत जास्त ६४ डॉलर, तेही भाविकांच्या मंडळ्यांनी जमवून दिलं तर. मेथडिस्टांनी १७८९ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःचं प्रकाशन काढलं आणि त्याची पुस्तकं खपवायची याच उपदेशकांनी, खोगिरावरच्या खुर्जीत घालून. म्हणून वहीत गीतपुस्तकांच्या उधारीशेजारी घोड्याच्या नालांचा खर्च आहे, कुणी दिलेल्या लोकरी मोज्यांची नोंद आहे. सर्किट, म्हणजे उपदेशकाने फिरायचा गावांचा ठरलेला फेरा, दर वर्षी बदलायचं. पुढचं कुठलं, हे बऱ्याचदा बिशप फ्रान्सिस अॅस्बरींनी परिषदेत यादी वाचली की कळायचं. लग्न केलं तर फिरणं बहुधा सुटायचं. बरेच जण तिशीआधीच वारले.

हिशेबाच्या एका पानावर तपकिरी ओलीची कड आहे. खाली ओळ: नदी ओलांडताना खुर्जी भिजली, घोडा वाचला.

शाई मायफळ आणि हिराकस या लोहाच्या क्षाराची. ती कागद खाते. किती खातेय ते बघायला आम्ही एका रसायनात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी वापरतो. तिला शुद्ध पाण्याचा थेंब द्यायचा, जादा पाणी टिपून घ्यायचं आणि पट्टी अर्धा मिनिट शाईवर दाबायची. मोकळं लोह असेल तर गुलाबी रंग येतो. अक्षरांवर तो येणारच होता. पण त्या कडेवर, जिथे अक्षरच नाही, तिथेही पट्टी गुलाबी झाली. नदीच्या पाण्याने शाईतलं लोह पानभर नेलं होतं.

पुस्तकात सांगितलेला इलाज म्हणजे शिवण उसवून पानं कॅल्शियम फायटेटच्या पाण्यात बुडवायची, मग आम्ल मारायचं. लोह बांधलं जातं, कागद टिकतो. आणि ती कड धुऊन जाते. फोटो राहील, असं सहकारी म्हणतो. तो हुशार आहे, पण स्वच्छ पान दिसलं की त्याला काम झाल्यासारखं वाटतं.

मी वही उसवली नाही. चिरा गेल्या होत्या तिथेच जपानी कागदाच्या जिलेटिन लावलेल्या पट्ट्या बसवल्या, जेमतेम ओलाव्यावर. ती नदी त्या पानावर आहे. पण लोहही तिथेच आहे आणि पुढच्या पन्नास वर्षांत ते काय करेल याची हमी मला देता येत नाही. अहवालात दोन्ही लिहिलंय. सोमवारी संग्राहक येतील तेव्हा हिशेबाचं पान आधी उघडणार आहे.