तुम्ही विचारलंत म्हणून: हरणाऱ्या टीमचं खूळ

गणपतीच्या पंगतीत, कुणाच्या साठीच्या कार्यक्रमात, मंडळाच्या सहलीच्या बसमध्ये, सिडनीत कुठेही चार मराठी माणसं जमली की हा प्रश्न येतोच. "अहो, तुम्ही कोल्हापूरचे. हे रग्बी लीगचं खूळ कुठून लावून घेतलंत? आणि घेतलंत ते घेतलंत, पॅरामॅटाच का? जिंकणारी एखादी टीम नाही मिळाली?" विचारणाऱ्याची नजर माझ्या निळ्या-पिवळ्या जर्सीवर असते. मी मसालेभात वाढून घेतो आणि "मोठी गोष्ट आहे ती" म्हणून सटकतो. ती ही गोष्ट.

प्रश्नातलं कोल्हापूर मात्र चुकीच्या जागी आलंय. मी मुंबईचा किंवा पुण्याचा असतो तर कदाचित टीम निवडत बसलो असतो. कोल्हापुरात टीम निवडायची नसते. मंगळवार पेठेत जन्मलात तर पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेत जन्मलात तर शिवाजी तरुण मंडळ नाहीतर खंडोबा. क्रिकेटवेड्या देशात आमच्या गावात पेठापेठांच्या फुटबॉलला शाहू स्टेडियम भरतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. वडील मला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेले तेव्हा आपण कुणाचे, हे त्यांनी सांगितलंच नाही. ठरलेल्या पायरीवर नेऊन बसवलं आणि हातात शेंगांची पुडी दिली. शेजारचे काका ज्याला शिव्या घालत होते तो आपला नव्हे, एवढं ती पुडी संपेपर्यंत कळलं.

1999 मध्ये आम्ही सिडनीला आलो आणि वेंटवर्थव्हिलला भाड्याने राहायला लागलो. पॅरामॅटा तिथून दोन-तीन स्टेशनांवर. लेक पाच वर्षांची. बायको आणि मी दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यावर लेक शेजारच्या घरी. तिथे एक निवृत्त होऊ घातलेलं ऑस्ट्रेलियन जोडपं राहायचं. त्यांची नातवंडं आजोबांना पॉप म्हणायची, म्हणून आमचीही पॉप म्हणायला लागली. इथे वडीलधाऱ्या माणसालाही सरळ नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघेना. शेवटी मीही पॉपच म्हणायला लागलो. आमच्या वयात जेमतेम वीस वर्षांचं अंतर, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

तर खूळ आलं ते या उलट्या वाटेने. पॉपकडून लेकीला आणि लेकीकडून मला. आठवड्याभरात पोरगी घरी येऊन जेवता जेवता "सिक्स अगेन!" असं ओरडायला लागली. आम्हाला वाटलं पाढे शिकवतायत.

खेळ थोडक्यात सांगतो. एका बाजूला तेरा माणसं. बॉल हातात घेऊन पळायचं, पास द्यायचा तो फक्त मागे. समोरच्यांनी धरून पाडलं की उठायचं, बॉल पायाने मागे सरकवायचा आणि परत सुरू. अशा सहा पकडी झाल्या की बॉल समोरच्यांचा. मधेच समोरच्यांनी बॉलला हात घातला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, तेच ते "सिक्स अगेन". रेषेपलीकडे जाऊन बॉल टेकवला की चार गुण, वर किक बसली की आणखी दोन. माझे वडील एकदाच इकडे आले होते. टीव्हीसमोर दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, "आरं, ही तर बॉल घिऊन कबड्डी की!" त्याहून चांगलं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

जगात रग्बी म्हणून जो पंधरा जणांचा खेळ ओळखला जातो तो वेगळा. लीग त्यातून फुटून निघाली, आणि फुटली ती पैशावरून. उत्तर इंग्लंडातले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्या म्हणणाऱ्या क्लबांनी 1895 मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून वेगळी चूल मांडली. सिडनीत तेच 1907-08 मध्ये झालं. आणि सुरुवातीची कित्येक वर्षं इथे नियम असा होता की ज्या भागात राहता त्या भागाच्या क्लबकडूनच खेळायचं. हे पॉपनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे पेठच की ही! पेठ म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात मग अख्खी संध्याकाळ गेली.

पॉपचं स्वतःचं कसं झालं, तेही सांगायला हवं. त्यांचे वडील ग्रॅनव्हिलला क्लाइड इंजिनिअरिंगमध्ये फिटर होते. पोराला घेऊन ते कंबरलँड ओव्हलच्या गवताच्या उतारावर बसायचे. तेच पॅरामॅटाचं तेव्हाचं मैदान. साल 1956, पॉप अकरा वर्षांचे. त्या वर्षी पॅरामॅटा तळाला गेली. 1957 लाही तळाला. आणि असं करत 1961 पर्यंत ओळीने सहा वर्षं शेवटचा नंबर. त्याला इथे लाकडी चमचा मिळाला म्हणतात. म्हणजे मिसरूड फुटायच्या सगळ्या वर्षांत या माणसाने दर शनिवारी मार खाणारी टीम बघितली. त्यांचा मामेभाऊ कोगराचा, म्हणून सेंट जॉर्जचा. सेंट जॉर्जने त्याच 1956 पासून लागोपाठ अकरा विजेतेपदं घेतली. दर नाताळला तो मामेभाऊ समोर बसून टर्की खायचा. मी विचारलं, कधी वाटलं नाही का, आपणही तिकडे जावं? पॉपनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू आई बदलायचं सुचवत होतो.

पहिलं विजेतेपद यायला 1981 उजाडलं. छत्तीस वर्षांचे पॉप त्या रात्री घरी नाचत होते, आणि तिकडे लोकांनी आनंदाच्या भरात कंबरलँड ओव्हलचं जुनं लाकडी स्टँड पेटवून दिलं. आपलंच! पुढे चार हंगाम घरच्या मॅचेस बेलमोरला खेळाव्या लागल्या, म्हणजे कँटरबरीच्या, हाडवैऱ्याच्या अंगणात. तरी 1982 ला जिंकले, 1983 ला जिंकले, आणि 1986 ला त्याच कँटरबरीला 4-2 ने हरवून चौथ्यांदा जिंकले. ऐंशी मिनिटांत दोघांनाही एकदासुद्धा रेषेपलीकडे बॉल टेकवता आला नाही. त्यानंतर आजपर्यंत एकही विजेतेपद नाही. आम्ही आलो तेव्हा तेरा वर्षं होऊन गेली होती. सणाची पंगत उठल्यावर आपण पोचलो.

2001 ला मात्र वाटलं, आलंच. त्या हंगामात पॅरामॅटाने गुणांचा पाऊस पाडला होता, यादीत पहिला नंबर. अंतिम सामना न्यूकासलशी, 30 सप्टेंबरला, आणि पहिल्यांदाच रात्रीचा. आम्ही तिघं पॉपच्या हॉलमध्ये. त्यांची पद्धत अशी की टीव्हीचा आवाज बंद आणि कॉमेंटरी रेडिओची. टीव्हीवाले फार बडबडतात म्हणे. त्यामुळे चित्र आणि आवाज यांचा मेळ बसायचा नाही. आधी कानावर यायचं आणि मग दिसायचं. मध्यंतराला न्यूकासल 24, पॅरामॅटा 0. आमची पोरगी सात वर्षांची. तिने जर्सीची बाही तोंडात कोंबली होती. पॉप काही बोलले नाहीत. मँडरिन सोलत बसले. एकेक फोड, तिची पांढरी शीर काढून, तिच्या हातावर. एक मँडरिन संपलं, दुसरं घेतलं. दुसऱ्या डावात आमच्यांनी जीव काढला, 30-24 पर्यंत आणलं, पण हरायचं ते हरलेच.

पोरगी ढसाढसा रडली. मी बापाच्या भाबडेपणाने म्हणालो, "जाऊ दे गं, खेळच आहे, पुढच्या वर्षी दुसरी टीम घेऊ." पॉपना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "उद्या दूध आणायला जाशील ना, तेव्हा ही जर्सी घालूनच जा. हरल्यावर घालायची असते ती."

दुसऱ्या दिवशी सोमवार, लेबर डेची सुट्टी. ती खरंच ती चुरगळलेली जर्सी घालून निघाली, आणि मी सोबत. दुकान चार मिनिटांवर. त्या चार मिनिटांत तीन अनोळखी माणसं तिच्याशी बोलली. एक म्हातारी बाई कुंपणाला टेकून उभी होती, तिने नुसती मान हलवली. रस्ता झाडणाऱ्याने झाडू थांबवून म्हटलं, "नेक्स्ट इयर, लव." आणि दुकानातल्या लेबनीज मालकाने दुधाचे पैसे घेतले पण सोबत एक चॉकलेट दिलं. त्याची टीम कँटरबरी, म्हणजे खरं तर त्याला हसू फुटायला हवं होतं. दोन वर्षं आम्ही त्या गल्लीत राहत होतो. "हाऊ आर यू" पलीकडे माझ्याशी कुणी शब्द बोललं नव्हतं. परत येताना पोरगी माझा हात धरून चालत होती, आणि मला शाहू स्टेडियमची पायरी आठवली. पुढच्या शनिवारी मी माझ्या मापाची जर्सी घेतली. महाग होती. बायको अजून बोलून दाखवते.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते सगळं हरण्याचंच आहे. 2009 ला आठव्या नंबरावरून, जॅरिड हेन नावाच्या अचाट पोराच्या जोरावर अंतिम सामन्यात गेलो आणि मेलबर्नशी 23-16 ने हरलो. पुढच्या एप्रिलमध्ये उघड झालं की मेलबर्नने पगाराची मर्यादा मोडून खेळाडूंना पैसे दिले होते. त्यांचं विजेतेपद काढून घेतलं आणि कुणालाच दिलं नाही. लेक तेव्हा पंधरा-सोळाची, ती म्हणाली, "बाबा, हे म्हणजे आपलं पाकीट चोराकडे सापडलं आणि पोलिसांनी ठेवून घेतलं." त्यात 2016 ला आमच्याच क्लबचे त्याच गुन्ह्यासाठी बारा गुण कापले, म्हणजे बोलायची सोय राहिली नाही. 2012, 2013 आणि 2018, तीन लाकडी चमचे. 2022 ला पुरुषांची आणि बायकांची, दोन्ही टीम अंतिम सामन्यात. एकाच दिवशी दोन्ही हरल्या. बायकांची दुपारी, पुरुषांची रात्री, म्हणजे मधे जेवायला वेळ मिळाला.

सगळंच गोड आहे असं नाही. इथल्या क्लबांचा पैसा मोठ्या प्रमाणात पोकर मशीनच्या जुगारातून येतो, आणि मॅच बघताना दर दहा मिनिटांनी पैज लावा म्हणून जाहिरात येते. डोक्याला मार बसून बसून पुढे मेंदूचे विकार झालेले जुने खेळाडू आहेत. हे माहीत असून मी बघतो. त्याचं समर्थन माझ्याकडे नाही.

आता ताजी भानगड. लेकीने लग्न केलं ते लेबनीज घरातल्या मुलाशी. मुलगा सोन्यासारखा, पण अख्खं खानदान कँटरबरीचं. तिचे सासरे पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेऊन म्हणाले, "1998!" त्या वर्षी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर, शेवटची दहा-अकरा मिनिटं उरलेली असताना पॅरामॅटा 18-2 ने पुढे होती, आणि तिथून कँटरबरीने 32-20 ने सामना खेचून नेला. मी तेव्हा या देशात नव्हतोसुद्धा. तरी मान खाली गेली. मग मी बोटांनी "4-2" दाखवलं. जावई म्हणाला, झाली ओळख.

गेल्या वर्षी नातू झाला. बारसं आमच्या घरी. पाळणा फुलांनी सजवलेला, बायकोने "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू केलं, आणि विहीणबाईंना त्यातलं अक्षर कळत नसताना त्यांनी बाळ पाळण्याखालून बरोबर घेतलं. मग भेटी सुरू झाल्या. व्याह्यांनी पिशवीतून निळा-पांढरा झबला काढला. पॉप आता ऐंशीचे, काठी टेकत आले होते. त्यांनी खिशातून निळी-पिवळी लोकरीची टोपी काढली. खोलीत शांतता. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीच ठरवा. पेठेचा नियम काय सांगतो?"

पंचवीस वर्षं मी या घरात पेठेचा नियम सांगत आलोय. टीम निवडायची नसते, पोर जिथे राहतं तिथली ती टीम. पॉपनी डोळे बारीक करून विचारलं, "राहतो कुठे तो?"

ग्रीनएकर. बेलमोरपासून गाडीने दहा मिनिटं. कँटरबरीचं माजघर.

व्याही हसले. त्यांनी स्वतःच्या हाताने बाळाला झबला घातला आणि फोटो काढले. फोटोत मी आहे. जावयाला शनिवारी सकाळी काम असतं, म्हणून त्या वेळी नातू आमच्याकडे असतो. टोपी आमच्याकडेच आहे.