मानेच्या मणक्यातील जायंट सेल ट्यूमर आणि पहिली शस्त्रक्रिया

मणक्यांच्या शस्त्रक्रिया हेच माझे रोजचे काम असल्यामुळे मानदुखीची तक्रार घेऊन येणारे तरुण रुग्ण मी सतत पाहतो. बहुतेकांचे दुखणे औषधे आणि व्यायाम यांनी थांबते. क्वचित एखाद्याला मात्र रात्री झोप लागत नाही, हाताला मुंग्या येतात आणि एमआरआयमध्ये मानेचा पाचवा मणका आतून पोखरलेला दिसतो. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीचा येतो आणि तो रास्तही आहे. परंतु टीबीमध्ये सहसा दोन मणक्यांमधील गादीही खराब होते, तर जायंट सेल ट्यूमर या हाडातल्या गाठीत ती बहुधा शाबूत राहते. म्हणूनच बायोप्सी न करता केवळ अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करण्यास माझा विरोध आहे. रक्तातील कॅल्शियम आणि गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे हार्मोनही तपासून घ्यावे, कारण त्या ग्रंथीच्या विकारात हाडात होणारी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली अगदी अशीच दिसते आणि तिच्यावरचा मुख्य उपचार त्या ग्रंथीवर करायचा असतो.

जायंट सेल ट्यूमर प्रामुख्याने 20 ते 40 या वयात आणि बहुतांशी गुडघ्याजवळच्या हाडांत होतो. मानेत तो दुर्मीळ आहे. तो कर्करोग नव्हे, पण हाड खातो, अर्धवट काढला तर पुन्हा उद्भवतो आणि क्वचित फुप्फुसापर्यंतही पोहोचतो.

गुडघ्यातील गाठ खरवडून पोकळीत फिनॉल (उरलेल्या पेशी जाळणारे रसायन) लावता येते आणि सिमेंट भरता येते. मज्जारज्जूच्या शेजारी फिनॉल वापरणे म्हणजे विस्तवाशी खेळ. छातीच्या भागातील मणका गाठीसह अखंड काढताना एखादी मज्जातंतूची मुळी कापली तरी फारसे बिघडत नाही. मानेत पाचवी मुळी कापली तर खांदा उचलता येत नाही आणि आठवी कापली तर मुठीतला जोर जातो. शिवाय मेंदूला रक्त पुरवणारी व्हर्टिब्रल धमनी दोन्ही बाजूंना मणक्यांच्या छिद्रांतूनच वर चढते. बोरियानी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडलेल्या पद्धतीत मणक्याचा आडवा छेद घड्याळाप्रमाणे बारा भागांत विभागतात. गाठ कोणत्या भागांत शिरली आहे हे त्यावर मांडले की अखंड काढणे शक्य आहे की नाही, ते बरेचसे उमगते. मानेत बहुतेक वेळा उत्तर नकारार्थीच येते आणि गाठ तुकड्यातुकड्यांनी, पण पूर्ण काढावी लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी गाठीला रक्त पुरवणाऱ्या लहान धमन्या कॅथेटरमधून बंद केल्या जातात. नंतर अनेकदा आधी मागून स्क्रू आणि सळ्या बसवून मान स्थिर करतात, छिद्राची हाडाची भिंत बारीक ड्रिलने घासून धमनी मोकळी करतात आणि मग पुढून मणका काढतात. लालसर तपकिरी, भुसभुशीत गाठ बाहेर येत असताना रक्त सतत झिरपत राहते आणि शेवटचा तुकडा निघेपर्यंत ते नीटसे थांबत नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञाची अस्वस्थता वाढत असली तरी मध्येच थांबणे हा पर्याय नसतो. रिकाम्या जागेत हाडाचे तुकडे भरलेला टायटॅनियमचा जाळीदार पिंजरा बसवून त्यावर प्लेट लावतात.

डेनोसुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत 2013 मध्ये या गाठीसाठी मान्यता मिळाली. त्याने दुखणे कमी होते आणि गाठीभोवती हाडाचे कडक कवच तयार होते. अखंड काढायची असेल तर हे कवच सोयीचे ठरते. खरवडून काढायची असेल तर गाठीच्या मूळ पेशी त्याच नव्या हाडात दडून राहतात आणि औषध थांबल्यावर पुन्हा वाढू लागतात. म्हणून शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची करायची हे ठरण्याआधीच इंजेक्शने सुरू करणे मला पटत नाही.

घाई न करता, पुरेशी तयारी असलेल्या केंद्रात पहिली शस्त्रक्रिया व्हावी हा माझा आग्रह दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या अनुभवातून आलेला आहे. गाठ परतल्यावर तीच मान पुन्हा उघडली की अन्ननलिका, धमनी आणि मज्जारज्जूवरचे आवरण एकाच पांढऱ्या, चिवट वणात चिकटलेले असते आणि टायटॅनियममुळे एमआरआयही धूसर येतो, त्यामुळे धमनी नेमकी कुठे आहे हे बोटाला लागणाऱ्या ठोक्यावरूनच ओळखावे लागते.