विंडोज ७ नंतरचा कोअर टू ड्युओ : प्रगतीची नोंद

घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ च्या जागी आता डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली स्थिरावली आहे. इंटेल कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि ४ जीबी डीडीआर२ रॅम असे हे यंत्र असून या बोर्डावर त्याहून अधिक रॅम चालत नाही. विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, तरी माझ्या मते घरच्या संगणकाचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० ने तो आधार काढून घेतला. बँकेचे व्यवहार आणि ईमेल ज्या ब्राउझरमधून होतात तोच जुना राहिला, तर बाकी यंत्र कितीही ठणठणीत असले तरी ते इंटरनेटला जोडणे मला योग्य वाटत नाही.

टीपीएम या सुरक्षा चिपची अट टाळून विंडोज ११ बसवता येईल का, असे अनेक जण विचारतात. ई७५०० च्या बाबतीत तो मार्ग बंदच आहे, कारण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या प्रोसेसर-सूचना लागतात आणि हा प्रोसेसर एसएसई ४.१ वरच थांबतो. हीच भिंत लिनक्समध्येही आहे : रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ आणि त्यावर आधारलेली वितरणे (लिनक्सचे तयार संच) या पिढीच्या प्रोसेसरवर चालत नाहीत. डेबियनने ६४ बिटसाठी मूळची किमान पातळी कायम ठेवली आहे, म्हणून निवड तिथे झाली. मात्र डेबियन १३ मध्ये ३२ बिट यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर राहिलेला नाही. त्यामुळे आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवण्यापूर्वी आपला प्रोसेसर ६४ बिटचा आहे का आणि त्याला कोणत्या सूचना कळतात, हे प्रत्येकाने तपासून घ्यावे.

४ जीबी रॅमवर सर्वांत मोठा फरक झेडरॅमने पडला. वापरात नसलेली पाने (मेमरीचे तुकडे) दाबून रॅममध्येच ठेवली जात असल्याने डिस्कवरचे स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायची जागा, क्वचितच लागते. प्रोसेसर जुना असल्यामुळे अधिक दाबणाऱ्या झेडएसटीडीऐवजी मी हलकी एलझेड४ पद्धत निवडली. डेबियन १३ मधला एक बदल मात्र कमी रॅमवाल्यांनी आवर्जून लक्षात घ्यावा. तात्पुरत्या फाइलींचे टीएमपी फोल्डर आता डिस्कवर नसून मुळातच रॅममध्ये असते आणि ते निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकते. मोठी फाइल उलगडताना ब्राउझरची जागा त्यात जाऊ नये, म्हणून सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेतील टीएमपी.माउंट हे युनिट मास्क (पूर्ण बंद) करून ते फोल्डर पुन्हा डिस्कवर आणले आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. बोर्डावरच्या आयसीएच७ या चिपमुळे ती आयडीई या जुन्या पद्धतीनेच चालते आणि तिचा पूर्ण वेग मिळत नाही, पण विखुरलेल्या लहान फाइली वाचताना होणारा खोळंबा संपला आहे. व्हिडिओसाठी ग्राफिक्सची मदत मिळत नसल्याने एच.२६४ हाच व्हिडिओचा प्रकार मिळेल असे ब्राउझर एक्स्टेंशन लावले असून ४८०पी पुरेसे सुरळीत चालते. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलला, कारण तो संपला की घड्याळ मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात.

जुनी हार्ड डिस्क विंडोज ७ सह तशीच ठेवली आहे. तिच्यावर पेजमेकर ७ हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर लॉकवर (संगणकाला जोडायच्या किल्लीवर) चालणारे मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आहे. तिथे नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधूनच बंद केले असून ती डिस्क केवळ जुन्या फाइली उघडण्यासाठी वापरली जाते.

त्या फाइली युनिकोडमध्ये आणणे हे सध्याचे मुख्य काम आहे. त्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक साठवलेले असतात आणि त्यांच्या जागी देवनागरी आकृती दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. म्हणून प्रत्येक फॉन्टकुळासाठी वेगळा तक्ता लागतो, आणि नुसती अदलाबदल करूनही भागत नाही. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी जुन्या फाइलीत सर्वांत आधी येते, तर युनिकोडमध्ये ती ‘स्थ’ हे संपूर्ण जोडाक्षर ओलांडून त्यानंतर ठेवावी लागते. रफाराचे याच्या उलट आहे : ‘मूर्ती’मध्ये तो दीर्घ वेलांटीच्याही नंतर नोंदलेला असतो आणि त्याला ‘ती’च्या आधी न्यावे लागते. ‘सर्वांना’मध्ये रफार आणि अनुस्वार मिळून अनेकदा एकच आकृती असते, ती आधी फोडावी लागते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांसाठी साधा र न वापरता नुक्ता असलेला ऱ वापरला नाही, तर ‘दुसर्या’ असे चुकीचे रूप उमटते.

पायथनमध्ये लिहिलेली माझी स्क्रिप्ट आता वेलांटी आणि रफार बिनचूक हलवते. ठळक आणि तिरक्या फॉन्टचे तक्ते अजून व्हायचे आहेत. तोवर प्रत्येक जुन्या पानाची, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ विंडोज ७ वरच तयार करून ठेवत आहे, म्हणजे रूपांतरित मजकूर मूळ पानाशी ओळीओळीने ताडून पाहता येईल.