तेरा पॉइंट दोन व्होल्ट

आमच्या कम्युनिटी कॉलेजात बॅटरी तंत्रज्ञानाचा सहा महिन्यांचा कोर्स काढायचं ठरलं आणि अभ्यासक्रम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला मसुदा मी अगदी झोकात लिहिला होता. इलेक्ट्रोकेमिस्ट्री, ॲनोड, कॅथोड, लिथियम-आयन बॅटरीला मिळालेलं २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल, सगळं होतं त्यात. बडोद्यात, दांडिया बाजारात आमच्या घराजवळ एका काकांचं बॅटरीचं दुकान आहे. सगळी हयात लेड-ॲसिडमध्ये, म्हणजे गाडीत असतात त्या शिशाच्या जुन्या बॅटऱ्यांत गेलेली. त्यांना कागद दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "मास्तर, पोराच्या हातात पाना कितव्या आठवड्यात येतो?"

मोजलं. नवव्या.

"मग आठव्यात तो कोर्स सोडून मकरपुऱ्याच्या कारखान्यांत, जीआयडीसीत कामाला लागलेला असेल."

मसुदा उलटा केला. प्रॅक्टिकल आधी, रसायन मागून. काकांनाच प्रॅक्टिकलला यायची गळ घातली. लिथियमचं मला फार कळत नाही, असं म्हणत म्हणत ते आले.

मी १२ व्होल्टच्या जागी चालणारा, १०० अँपिअर-अवरचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक आणला होता. आत ३.२ व्होल्टचे चार सेल, सिरीजमध्ये. काकांनी मल्टिमीटर लावला: १३.२. "फुल आहे," ते म्हणाले. पोरांनी वहीत 'फुल' लिहिलं. खरं सांगायचं तर मीही मान डोलावली. लेड-ॲसिड शांत असताना १२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली असते, मग १३.२ म्हणजे काय विचारायलाच नको!

बॅटरीवर भार टाकून तिचा दम तपासणारा लोड टेस्टर नव्हता. खरेदी समितीचं म्हणणं, मल्टिमीटर आहे ना, मग आणखी यंत्र कशाला? म्हणून गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे चार हॅलोजन बल्ब पॅरलल जोडले. साधारण २० अँपिअर. भरलेला पॅक पाच तास चालायला हवा. अडीच तासांत खोली अंधारली. बल्ब मंद झाले नाहीत, पिवळे पडले नाहीत. शेवटपर्यंत लख्ख, आणि मग एकदम काहीच नाही. पॅकमधल्या बीएमएसनं, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटनं, पुरवठा तोडला होता.

काका बराच वेळ त्या काळ्या बल्बांकडे बघत राहिले. "ही बॅटरी तोंडावर काही दाखवतच नाही," ते म्हणाले.

नेमकं तेच. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. अर्धा रिकामा पॅक आणि बराचसा भरलेला पॅक यांत मीटरवर एक-दोन दशांशांचा फरक. हे मला पाठ होतं हो, परीक्षेत लिहिलंही असतं. पण डोळ्याला सवय लेड-ॲसिडची. आमच्याकडे येणारी निम्मी पोरं गॅरेजमधून, ई-रिक्षाच्या कामातून आलेली, त्यांचीही तीच. टर्मिनलला वायर घासून ठिणगी बघायची, हाताला झटका बसत नाही म्हणून ४८ व्होल्टला हलकं समजायचं, अंगठी घालून नट आवळायचा. लिथियम पॅकवर पाना आडवा पडला तर शेकड्यांनी अँपिअर वाहतात, अंगठी बोटावरच वितळायला लागते. मग सुरुवातीचे दोन आठवडे मी नवं शिकवण्याऐवजी जुनं सोडवण्यासाठी ठेवले.

भाषेवरूनही बैठकीत बरंच झालं. नोट्स इंग्रजीतच हव्यात, असा एका साहेबांचा आग्रह. मी इथल्या जुन्या तंत्रशाळेचं, कलाभवनाचं नाव काढलं. सयाजीरावांनी १८९० मध्ये ते काढलं तेव्हा कारागिरांना त्यांच्याच भाषेत शिकवायचं ठरवलं होतं. आपण त्याच गावात बसलोय. साहेब गप्प झाले, पटलं म्हणून की चहा आला म्हणून, कोण जाणे. नोट्स गुजरातीत निघाल्या. मी गुजराती बोलतो फर्डं, लिहिताना मात्र अडखळतो. माझ्या चुका एका विद्यार्थिनीनं लाल पेनानं दुरुस्त केल्या.

बल्बांचा प्रयोग मी खरेदी समितीसमोर पुन्हा केला. सुरुवातीला मीटर फिरवून प्रत्येकाला आकडा वाचायला लावला, सगळ्यांनी 'फुल' म्हटलं. अडीच तास थांबायला कुणी तयार नव्हतं, म्हणून पॅक आधीच बराच उतरवून ठेवला होता. वीस मिनिटांत अंधार. टेस्टर त्याच दिवशी मंजूर झाला.

तो अजून आलेला नाही, तिसरं कोटेशन अडकलंय. तोवर बल्बच. काका दर शुक्रवारी येतात, अंगठी घरी काढून.