पहिली रेघ सापडेपर्यंत

कॅनडातल्या कॅलगरीत नोकरी लागली आणि पहिलंच काम आलं ते जंगलातल्या रेघा मोजायचं. उत्तर अल्बर्टात तेल शोधायला कंपन्यांनी बुलडोझर घालून सरळसोट पट्टे कापले. इथे त्यांना साइस्मिक लाइन म्हणतात. जुने पट्टे साधारण 5 ते 10 मीटर रुंद आणि लांबीला अंत नाही. लांडगे त्यांवरून झपाझप चालतात आणि शिकारीसाठी कॅरिबूपर्यंत, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरपर्यंत, पोचतात. म्हणून कुठला पट्टा झाडांनी भरत आलाय आणि कुठला अजून उघडाच आहे, हे शोधायचं होतं.

दोन दिवस हवाई चित्रांवर हाताने रेघा ओढल्या, डोळे गेले. मग फॉरेस्ट लाइन मॅपर नावाचं, असे पट्टे नकाशावर आखणारं सॉफ्टवेअर मिळालं. त्याची युक्ती चटकन पटते. लायडारवरून, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेल्या उंचीवरून, झाडांच्या उंचीचं रास्टर (चौकोनी चौकोनी घरांचा नकाशा) करायचं: शेंड्यांच्या पातळीतून जमिनीची पातळी वजा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि वळणांवर ठिपके द्यायचे. दाट झाडीतून जाणं महाग, मोकळ्यातून स्वस्त. गुरं चढ टाळून वाट पाडतात तशी सर्वांत स्वस्त वाट ते काढून देतं. ती झाली मध्यरेषा. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळं कुठवर आहे ते पाहून पट्ट्याची हद्द.

माझं घोडं मात्र त्याआधीच अडलं. रास्टर अवाढव्य, म्हणून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका रेघेभोवती 30 चा बफर, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंतचा घेर, घेऊन तेवढाच तुकडा छाटायचा ठरवलं. रास्टर यूटीएम झोन 12 या निर्देशांक-पद्धतीत, म्हणजे मीटरमध्ये. माझ्या रेघा अक्षांश-रेखांशांत. क्यूजीआयएस दोन्ही लेयर पडद्यावर चपखल एकमेकांवर बसवून दाखवतं, त्यामुळे शंकाच आली नाही. बफर निघाला 30 अंशांचा. झूम आउट केलं तर फोर्ट मॅकमरीजवळची माझी रेघ पार हडसन उपसागरात शिरलेली! शेजारच्या टेबलावरचा सहकारी काही बोलला नाही, फक्त कॉफी आणून दिली.

रेघा यूटीएममध्ये नव्याने सेव्ह केल्या आणि हट्टाने एकच पट्टा घेतला. या वेळी मध्यरेषा झाडांच्या मधोमध, अगदी भांग पाडल्यासारखी.

हद्दीने मात्र दलदलीत रडवलं. तिथला ब्लॅक स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष खुरटा आणि विरळ, दोन-तीन मीटरचा. पट्टा मोकळा, शेजारही जवळजवळ मोकळा, मग काठ कुठला धरायचा? हद्द सांडलेल्या दुधासारखी बाजूला पसरायची. उंचीची मर्यादा खाली-वर करून पाहिली, शोधाची रुंदी आवळली, थोडं जमलं. उरलेल्या ठिकाणी हातानेच दुरुस्ती केली. सगळं यंत्रावर सोडायचं असेल तर दलदल सोडून डोंगरउतारावरची दाट झाडी निवडा, तिथे ते खरंच झकास चालतं.

रविवारी काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते वनरक्षक होते. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून रानात काढलेले मोकळे पट्टे, साफ करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. एक वर्ष हात लावला नाही की सगळं रान पुन्हा अंगावर येतं, म्हणायचे.

‘‘एवढ्या लांबलचक रेघा दरवर्षी साफ कोण करतं रे?’’

‘‘कुणीच नाही, काका. दलदलीतले उंचवटे यंत्राखाली सपाट झाले, पाणी वर आलं. पन्नास वर्षं झाली तरी झाड धरत नाही.’’

काका जरा थांबले. ‘‘आमच्या जाळरेषेवर तर पहिल्या पावसात घाणेरी उगवायची,’’ म्हणाले.