नांदूरमध्यमेश्वर: गाळातला धडा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी बघायला पुष्कळ लोक जातात. मी या हिवाळ्यात गेले ती नाशिकच्या एका शाळेच्या सातवीच्या मुलांबरोबर, आणि त्यांच्या बाईंनी धडा निवडला होता गाळाचा.

निफाडच्या द्राक्षबागा मागे पडल्या आणि उजाडता उजाडता बस अभयारण्याच्या काठावरच्या चापडगावला पोचली. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा झाला. बंधाऱ्यामागे दर पावसाळ्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये मध्ये बेटं तयार झाली. बाईंनी काठावरचा चिखल काचेच्या बरणीत पाण्याबरोबर ढवळला आणि बरणी कट्ट्यावर ठेवून दिली. वाळू लगेच तळाला बसली. बारीक माती मात्र आम्ही निघेपर्यंत तरंगत होती. संथ पाण्यात काय होतं, हे मग फळ्यावर काढून दाखवावं लागलं नाही.

उथळ पाण्याच्या तळापर्यंत ऊन पोचतं, म्हणून पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी, मासे वाढतात. मुलांना काम दिलं होतं: कोण किती खोल पाण्यात खातं ते लिहा. काठालगत गुलाबी काटकुळ्या पायांचा शेकाट्या, त्याच्या पुढे चमचा पक्षी, आणि टिबुकली थेट बुडी मारून दिसेनाशी. थापट्या बदकापाशी सगळे अडकले. पसरट चोच पाण्यावर टेकवून तो डावी-उजवी फिरवत पुढे सरकत होता. चोचीच्या कडेला बारीक दातेरी झालर असते. पाणी बाहेर जातं, बिया आणि सूक्ष्म जीव आत राहतात. दुर्बिणीवरून भांडणं झाली ती इथेच. शाळांनी एखादी वस्तू विकत घ्यायचीच असेल तर आधी चार बऱ्या दुर्बिणी घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

मग एका मुलीने विचारलं, "बाई, सगळा गाळ काढून टाकला तर?"

"तूच सांग."

"शेकाट्याचे पाय पुरणार नाहीत."

"पण शेतीला पाणी जास्त मिळेल ना," मागून एकजण म्हणाला. त्याच्या मामाचा ऊस याच भागात आहे. बाईंनी निकाल दिला नाही; वाद परतीच्या बसमध्येही चालू राहिला. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नावर मुलं इतकी तावातावाने बोलताना मी पाहिलेली नाहीत.

१९८६मध्ये हे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तरी बहुतेक शाळा इथे एकदाच, हिवाळी सहलीला येतात. पावसाळ्यात गढूळ लोंढा येतो, उन्हाळ्यात पाणी ओसरून चिखल उघडा पडतो. तेव्हाही मुलांना आणायला हवं. या बाई जुलैत पुन्हा येणार आहेत, त्याच मुलांना घेऊन. मीही त्यांच्याकडे नाव देऊन ठेवलं आहे.