तुम्ही विचारलंत म्हणून : त्याआधी देव काय करत होता?

पूजा आटोपते, शिरा हातावर येतो आणि दक्षिणेचं पाकीट निघायच्या आत कोणीतरी विचारतंच, "गुरुजी, सृष्टी देवाने केली, तर त्याआधी तो काय करत होता?" पुढचा प्रश्नही ठरलेला. देव अनादि म्हणता, मग सृष्टीला तेवढी सुरुवात कशी? मी गिरगावात राहतो, पण माझे निम्मे यजमान केव्हाच वसई-विरारला गेले. परतीची गाडी गाठायची असते, म्हणून उत्तर नेहमी अर्धवट राहतं. आज सविस्तर सांगतो.

आधी संकल्प नीट ऐका. हातावर पाणी सोडायची तुम्ही वाट बघत असता, तेव्हा मी म्हणत असतो, "अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे विष्णुपदे श्रीश्वेतवाराहकल्पे…" म्हणजे ब्रह्मदेवाची पन्नास वर्षं सरून एक्कावन्नावं लागलंय. त्याचा एक दिवस म्हणजे एक कल्प, 432 कोटी वर्षं. (हा आकडा ऐकला की आयटीतला एखादा जावई तो विज्ञानाशी जुळवायला बसतो. जुळवू नये. विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं सांगतात, आणि आपल्याकडे 432 कोटी हा नुसता दिवस. रात्र आणखी तेवढीच.) सृष्टी रचणाऱ्या ब्रह्मदेवालाही वय आहे. शंभर भरली की त्याचा कारभार आटोपतो, मग दुसरा येतो. त्यामुळे पहिली सृष्टी अशी कुठली नाहीच. शब्द बघा ना, 'सृष्टी' आली 'सृज्' धातूपासून, आणि सृज् म्हणजे सोडणे. चौपाटीवरच्या 'विसर्जना'तही तोच धातू आहे. जे आत होतं ते बाहेर सोडलं, एवढंच.

शास्त्रकार नित्याचे दोन प्रकार करतात. ज्यात काडीचाही बदल होत नाही ते कूटस्थनित्य. पाणी बदलत राहतं पण नदी तीच, ते प्रवाहनित्य. परब्रह्म पहिल्या अर्थाने नित्य, सृष्टी दुसऱ्या.

वसईला एका दहावीतल्या मुलाला हे समजावताना मी नदीऐवजी लोकल घेतली. म्हटलं, "तुझे बाबा 'माझी आठ बारा' म्हणतात ना? रोज डबे वेगळे, मोटरमन वेगळा, गर्दीतली माणसं वेगळी. तरी आठ बारा तीच." तो म्हणाला, "पण गुरुजी, रेल्वेला सुरुवात आहे. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे." पोरगं बरोबर होतं. मी शिरा संपवला आणि निघालो.

बरं, माझं उत्तर म्हणजे एकमेव उत्तर नव्हे. गिरगावात पायी फिरलात तरी चार मिळतील. 1867 साली निघालेला प्रार्थना समाज सांगतो, परमेश्वराने हे ब्रह्मांड निर्माण केलं. 1875 साली स्वामी दयानंदांनी आर्य समाज स्थापला तोही इथेच. त्यांच्या मते ईश्वर, जीव आणि प्रकृती ही तिन्ही अनादि. कुंभार मडकं घडवतो, माती नाही घडवत. कोपऱ्यावरचे जैन शेठ सृष्टी अनादि मानतात आणि तिला कर्ता मानतच नाहीत. खोताच्या वाडीतला माझा ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा ख्रिस्ती, मित्र त्यांच्या धर्मपंडिताचा, संत ऑगस्टीनचा हवाला देतो की काळही सृष्टीबरोबरच जन्मला, तेव्हा 'त्याआधी' हे विचारणंच गैरलागू. सगळ्यांत चलाख उत्तर हेच. म्हणूनच मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही.

पण आपल्या लोकांनी सृष्टी अनादि असल्याचा हट्ट का धरला, हे कोणी विचारत नाही. खरी गोम तिथे आहे. ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप, असा की कोणी सुखी, कोणी दुःखी असं जग करणारा देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो. उत्तर मिळतं, तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. समोरचा सोडत नाही. अगदी आरंभी कर्म कुठून आलं? त्यावर सूत्र येतं, "न कर्माविभागादिति चेन्नानादित्वात्". संसाराला आरंभच नाही. आधी बी की आधी अंकुर, तसं. तेव्हा हे अनादित्व आकाशाकडे बघून आलेलं नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात देव उभा आहे आणि वकील त्याची बाजू मांडतोय.

एकदा एका घरी तेराव्याला गेलो होतो. एकवीस वर्षांचा मुलगा गेला होता. त्याच्या आईने विचारलं, "आमच्याच वाट्याला हे का, गुरुजी?" मी हेच सूत्र सांगितलं, बी-अंकुरासकट. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पहिली चूक कुणाची, हे कधीच सापडायचं नाही."

घरी येऊन ब्रह्मसूत्रांवरचं शंकराचार्यांचं भाष्य उघडलं. त्याच अध्यायाच्या पुढच्याच पादात (पाद म्हणजे अध्यायाचा चौथा भाग), दुसऱ्यांचं मत खोडताना, त्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलंय. अनादि म्हणून सुटका होत नाही, आंधळ्यामागे आंधळा चालल्यासारखं होईल. अंधपरंपरा हा शब्द त्यांचाच. ज्या हाताने ढाल दिली त्याच हाताने तिला भोकही पाडलंय, आणि त्या बाईंनी भाष्य न वाचता ते भोक शोधलं होतं.

सृष्टी अनादि आहे असं मी आजही मानतो, संकल्पही तोच म्हणतो. दुःखाच्या घरी मात्र ते सूत्र तोंडातून काढत नाही. तिथे गप्प बसून तीळ-पाणी सोडायला सांगतो.

वसईच्या मुलाने परवा फोन केला, लोकलपेक्षा बरं काही सापडलं का म्हणून. त्याला बी-अंकुराचं सांगितलं. अंधपरंपरेचं नाही सांगितलं. मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा आहे.